बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांग मुलांना शिकवायचं आहे? प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत वीसहून अधिक वर्षं शिकवल्यावर आता मी नव्या विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणातही शिकवते. दर उन्हाळ्यात, प्रवेशाच्या दिवसांत, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बारावी झालेल्या मुली विचारतात, दिव्यांग मुलांच्या आया विचारतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी विचारतात. त्यांना एरवी तोंडी देते ती उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

विशेष शिक्षक होण्यासाठी नेमका कोणता कोर्स करावा लागतो?

मुख्य वाटा दोन आहेत. बारावीनंतर दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, म्हणजे डी.एड. विशेष शिक्षण. पदवीनंतर बी.एड. विशेष शिक्षण. दोन्हींसाठी साधारणपणे ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते. प्रवेशाची पद्धत आणि नियम अधूनमधून बदलतात, म्हणून मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नका. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचं परिपत्रक वाचा.

प्रवेश घेताना दिव्यांगत्वाचा प्रकार निवडावा लागतो. दृष्टिदोष, श्रवणदोष हे वेगळे अभ्यासक्रम आहेत. तुम्हाला बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबरोबर काम करायचं असेल तर 'आयडीडी', म्हणजे बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व, हा विषयगट घ्या. याला पूर्वी 'एमआरचा (मेंटल रिटार्डेशनचा) कोर्स' म्हणत, आणि जुनी मंडळी अजूनही तसंच म्हणतात.

डी.एड. की बी.एड.?

लहान मुलं आणि विशेष शाळा डोळ्यांसमोर असतील तर डी.एड. खरोखर उत्तम आहे, कारण त्यात मुलांबरोबर घालवायचे तास भरपूर असतात. माध्यमिक वर्ग किंवा सर्वसाधारण शाळेतलं समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकवणं, हवं असेल तर बी.एड. लागेल. पदवी हातात आहे म्हणून डी.एड. कमीपणाचं मानू नका. मी पाहिलेल्या चांगल्या शिक्षकांपैकी कितीतरी जण पदविकाधारक आहेत.

माझं साधं डी.एड. झालेलं आहे. तेवढ्यावर विशेष शाळेत शिकवता येईल का?

विशेष शिक्षक म्हणून, नाही. पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. त्यानुसार मान्यताप्राप्त पात्रता असलेल्या व्यक्तीचं नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंदलं जातं आणि तिला एक क्रमांक मिळतो. त्यालाच आपण सीआरआर नंबर म्हणतो. नोंदणीशिवाय दिव्यांगांबरोबर व्यावसायिक म्हणून काम केल्यास त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणीचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळांना हजेरी लागते. त्या कार्यशाळांचं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा.

जाहिरातीत 'एका महिन्यात ऑनलाइन स्पेशल एज्युकेटर' असं लिहिलं आहे. घेऊ का?

माहितीसाठी घ्यायचा असेल तर तुमची मर्जी. त्यावर सीआरआर नंबर मिळत नाही. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा: संस्थेचं नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत चालू वर्षासाठी आहे का, आणि नेमक्या त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे का. एका कोर्सची मान्यता दाखवून दुसऱ्याच कोर्सला प्रवेश दिल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. त्यातल्या मुलींची दोन वर्षं आणि बापाने काढलेलं कर्ज, दोन्ही गेलं.

तिसरी गोष्ट कायद्यात नसली तरी माझ्या लेखी ती सगळ्यात महत्त्वाची आहे. संस्थेची स्वतःची शाळा आहे का, ते पाहा. मुलं रोज समोर असली पाहिजेत. पुण्यातली कामायनी १९६४ पासून आणि मुंबईतली जय वकील शाळा १९४४ पासून या मुलांसाठी काम करते आहे. शिकायला जाल तिथे मुलांचा असा सहवास हवा, मग संस्था लहान गावातली का असेना. सिकंदराबादला १९८४ साली स्थापन झालेली, बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था आता एनआयईपीआयडी या नावाने ओळखली जाते आणि नवी मुंबईत तिचं प्रादेशिक केंद्र आहे. आपण वापरतो त्यातली बरीच साधनं तिथेच तयार झाली.

'मतिमंद' म्हणायचं की आणखी काही?

'मतिमंद' हा शब्द अजून कितीतरी शाळांच्या पाट्यांवर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि त्यात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं), विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणितातली अडचण) हे वेगवेगळे प्रकार आहेत. तुम्ही बौद्धिक दिव्यांग म्हणा. त्याहून चांगलं म्हणजे मुलाचं नाव घ्या.

एक गोंधळ मात्र लगेच दूर करायला हवा. बुद्ध्यंक कमी आला एवढ्यावर बौद्धिक दिव्यांगत्व ठरत नाही. साधारण ७० च्या खाली बुद्ध्यंक, त्याबरोबर रोजच्या वागण्याजगण्यात अडचण, आणि हे सगळं वाढीच्या वयातच सुरू झालेलं, अशा तिन्ही गोष्टी लागतात. बुद्ध्यंक चाचणी मानसशास्त्रज्ञ करतात. मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणी वापरतात. डॉ. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बसवली. अहवालातला आकडा वाचायला आपण शिकायचं, पण त्या आकड्यावरून उद्या सकाळी काय शिकवायचं ते कळत नाही.

मग काय शिकवायचं ते कशावरून ठरवतात?

कार्यात्मक मूल्यमापनावरून, म्हणजे मूल रोजची कामं कितपत करतं ते तपासून. एनआयईपीआयडीची एफएसीपी ही तपासणी सूची आपल्याकडे सर्रास वापरतात. त्यात पूर्व-प्राथमिकपासून पूर्व-व्यावसायिकपर्यंत गट आहेत आणि मूल काय स्वतः करतं, काय मदतीने करतं, काय अजून करत नाही हे नोंदवायचं असतं. चेन्नईची एमडीपीएस ही अशीच दुसरी सूचीही तुम्हाला शिकवतील: १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० कौशल्यं, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. स्वमग्नतेसाठी आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी आहे.

विद्यार्थी शिक्षकांची नेहमीची चूक सांगते. ते आईला विचारून सूची भरतात. आई म्हणते, 'हो, जेवतो की हाताने.' प्रत्यक्षात आई घास कालवून देते आणि तो उचलून तोंडात घालतो. म्हणून आईशी बोला आणि त्यानंतर मुलाच्या शेजारी बसून त्याचं जेवण पाहा.

दोन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकवतात?

विषयांची यादी माहितीपत्रकात मिळेल. पण या प्रशिक्षणाचा गाभा मला विचाराल तर तो आहे पाहायला शिकणं. एखादी साधी कृती किती लहान लहान तुकड्यांची बनलेली असते हे आपल्याला दिसत नाही, कारण आपण ती न शिकताच शिकलो. कार्यविश्लेषण, म्हणजे टास्क अॅनालिसिस, ते तुकडे दाखवतं.

डबा खाण्याचं उदाहरण घ्या. दप्तराची चेन उघडायची, डबा ओढून काढायचा, टेबलावर ठेवायचा, एका हाताने धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने एक क्लिप उचलायची, डबा फिरवून दुसरी उचलायची, झाकण काढून बाजूला ठेवायचं. इथवर आलं की पोळी. पोळीचा तुकडा तोडताना एक बोट पोळी दाबून ठेवतं आणि बाकीची बोटं ओढतात, म्हणजे एकाच हाताची बोटं दोन उलट दिशांना काम करतात. स्नायूंत ढिलेपणा असलेल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला हे किती अवघड आहे ते तुकडे पाडल्याशिवाय लक्षात येत नाही. आमच्याकडे एक मुलगा पोळी तशीच टाकायचा आणि नुसती भाजी खायचा. तीन वर्षं सगळे म्हणत होते, त्याला पोळी आवडत नाही. एका प्रशिक्षणार्थी मुलीने कृतीचे तुकडे लिहिताना पाहिलं की त्याला पोळी तोडताच येत नव्हती. तिने दोन्ही हातांनी तोडू दिली, मग मऊ घावन, मग पातळ पोळी. वर्षअखेरीला तो दोन पोळ्या खात होता.

तुकडे पाडले की कुठून सुरुवात करायची हा प्रश्न येतो. टी-शर्ट घालणं शिकवताना मी शेवटापासून शिकवते. डोकं आणि हात आपण घालायचे, छातीपासून कमरेपर्यंत खाली ओढणं फक्त मुलाने करायचं. ते जमलं की त्याच्या आधीची एक पायरी मुलाकडे. याला उलटी साखळी म्हणतात. यात काम पूर्ण केल्याचा आनंद रोज मुलाच्याच वाट्याला येतो, म्हणून ती पद्धत मला प्रिय आहे.

मदत काढून घेणं हे मदत करण्याहून कठीण असतं. हाताला हात धरून, मग मनगटाला स्पर्श करून, मग नुसतं बोट दाखवून, मग फक्त शब्दाने, आणि शेवटी गप्प राहून. पाठ टाचणात मदत कधी आणि कशी कमी करणार हे आधीच लिहा. लिहिलं नाही तर शिक्षकाचा हात वर्षानुवर्षं तिथेच राहतो आणि मूल त्या हाताची वाट पाहायला शिकतं.

आणि खऱ्या वस्तू वापरा. पुठ्ठ्याची नाणी ओळखणारी मुलगी किराणा दुकानात खऱ्या नाण्यांपुढे गोंधळते. प्लॅस्टिकचं केळं सोलता येत नाही. शिकलेली गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हे या मुलांच्या शिकण्याचं महत्त्वाचं लक्षण आहे. म्हणून नाणी वर्गात, मग शाळेच्या दारातल्या दुकानात, मग घराजवळच्या दुकानात.

आयईपी लिहायला फार अवघड जातं. काही युक्ती?

वैयक्तिक शिक्षण आराखड्यात 'मूल स्वच्छता शिकेल' असं वाक्य आलं की मी वही परत देते. ते शिकलं हे कसं कळणार? त्याऐवजी लिहा: 'जेवणाआधी "हात धुऊन ये" एवढंच सांगितल्यावर पाचपैकी चार वेळा साबण लावून, हात धुऊन, नळ बंद करून येईल.' कोण, कोणत्या परिस्थितीत, काय, किती वेळा. एका सत्रात दोन-तीनच उद्दिष्टं घ्या. आणि ती निवडताना घरच्यांना विचारा, कोणती गोष्ट मुलाला आली तर तुमचा दिवस सोपा होईल? अक्षरं लिहिता यावीत असं पालक आधी म्हणतात. थोडा वेळ थांबलं की म्हणतात, 'बाई, रात्री शी-शूला उठवायला सांगेल असं काही करा.' तिथून सुरू करा.

मूल मारतं, चावतं, डोकं आपटतं. मला भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे, पहिल्या वर्षी मलाही वाटायची. पहिलं काम, डॉक्टर. बोलता न येणारं मूल कान ठणकतो हे कानावर मारून सांगतं. दात, बद्धकोष्ठता, पाळीचं पोटदुखणं हे सगळं आधी तपासा.

शरीराचं कारण नसेल तर नोंदी ठेवा. वर्तनाआधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं, असे तीन रकाने. आठवडाभर. एका वर्गात एक मुलगा रोज शेजाऱ्याला मारायचा आणि रोज त्याला बाहेर उभं करायचे. नोंदीत दिसलं की हे फक्त मण्यांच्या कामाच्या वेळी होतं. त्याला ते काम नको होतं आणि बाहेर जाणं हेच त्याला हवं होतं, म्हणजे शिक्षा समजून आपण त्याला बक्षीस देत होतो. त्याला 'थांबूया' असं चित्रकार्ड दाखवायला शिकवलं, मणी वीसवरून पाचावर आणले. मारणं हळूहळू ओसरलं.

वर्तन बहुधा चारपैकी एका कारणाने टिकतं: लक्ष हवं, एखादी वस्तू हवी, कामातून सुटका हवी, किंवा त्या कृतीतून शरीराला मिळणारी संवेदना हवी. कारणानुसार उपाय बदलतो. मारणं, अंधारात कोंडणं, उपाशी ठेवणं हे कुठल्याच कारणावरचे उपाय नाहीत. असं करणारा शिक्षक तुमचा वरिष्ठ असला तरी त्याच्या पद्धतीने शिकू नका.

बोलतच नसलेल्या मुलाला शिकवणार कसं?

वाचा नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं धरू नका. नजर, बोट, खुणा, चित्रकार्ड, खरी वस्तू हातात देणं, बोलणारं अॅप, सगळं चालतं. चेन्नईत तयार झालेलं आवाझ हे अॅप अनेक शाळा वापरतात. 'चित्रं दिली की मूल बोलायचं सोडेल' ही पालकांची काळजी प्रामाणिक असते, पण अनुभव आणि अभ्यास दोन्ही तिला दुजोरा देत नाहीत. सुरुवात 'पाहिजे' आणि 'नको' या दोन गोष्टींनी करा. 'नको' म्हणता आलं की अर्धी आदळआपट थांबते.

फिट आली तर?

या मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे हे पाठच करा. घड्याळ पाहा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचं बटण सोडा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर ताबडतोब १०८ ला फोन करून दवाखाना गाठा.

आणखी दोन गोष्टी याच वहीत लिहून ठेवा. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना कोलांटी उडी मारायला लावू नका. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मान मागे टाकून कधीही भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जातं.

वयात येणाऱ्या मुलामुलींबद्दल बोलायला संकोच वाटतो.

संकोच आपला असतो, धोका मुलांना. अवयवांची खरी नावं शिकवा, बंद दाराआड काय आणि चारचौघांत काय हे शिकवा, पॅड बदलणं खऱ्या पॅडवर लाल रंग लावून शिकवा. दहा-अकराव्या वर्षी सुरू करा, पहिली पाळी येईपर्यंत थांबू नका. अत्याचाराचा संशय आला तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' ही सबब कायद्याला मान्य नाही आणि आपल्यालाही नसावी.

मी दिव्यांग मुलाची आई आहे. वय ३८. हा कोर्स करू का?

करा. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा पालकांनीच उभ्या केल्या आहेत. फक्त एक सांगते. स्वतःच्या मुलासाठी जे उपयोगी पडलं तेच वर्गातल्या आठ मुलांना लागू पडेल असं धरून चालू नका. आणि सराव पाठासाठी शक्यतो स्वतःचं मूल नसलेला वर्ग घ्या, तिथे तुम्हाला निव्वळ शिक्षक म्हणून उभं राहता येतं. पूर्ण कोर्स शक्य नसेल तर राष्ट्रीय संस्थांची पालक प्रशिक्षणं आणि नॅशनल ट्रस्ट या बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या योजनांची माहिती घ्या. निरामय या आरोग्यविम्यात एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते अजून अनेक घरांना माहीत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वर्गात चाळीस मुलं, त्यात एक असं. काय करू?

त्या मुलाचा तुमच्या वर्गात बसण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याने मान्य केला आहे. ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं. गट साधन केंद्रातल्या (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकाला बोलवा आणि मुलासाठी आराखडा मागा. तोवर हे तरी करा: पहिल्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, एक समजूतदार सोबती द्या आणि सोबती दर महिन्याला बदला. धडा तोच ठेवा, काम वेगळं द्या. बाकीचे आठवडी बाजारावर निबंध लिहितात तेव्हा तो बाजारातल्या वस्तूंची चित्रं लावू दे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिकला दहा आणि वरच्या वर्गांना पंधरा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये शाळांच्या केंद्र पातळीवर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहासाठी, विशेष शिक्षकांची ४८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. प्रत्येक केंद्राला माणूस मिळेपर्यंत तुम्हीच त्या मुलाचे शिक्षक आहात.

नोकरी आणि पगार?

अनुदानित विशेष शाळांत वेतनश्रेणी आहे, पण जागा कमी निघतात. विनाअनुदानित शाळांत पगार तुटपुंजा असतो, हे मी कोणापासून लपवत नाही. खासगी शाळांतले संसाधन कक्ष (दिव्यांग मुलांना वेगळी मदत देणारी खोली) आणि शहरांतली थेरपी केंद्रं तुलनेने बरे पैसे देतात. महाराष्ट्रात विशेष शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नसून दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत, म्हणून जाहिराती आणि शासन निर्णय शोधताना तिकडे पाहा. ज्या कामाला इतकं कौशल्य लागतं त्याला इतका कमी मोबदला मिळतो याचा मला राग येतो, आणि तो मी दर बैठकीत बोलून दाखवते.

मुलगे हा कोर्स करतात का?

हो, आणि आणखी करायला हवेत. मोठ्या मुलग्यांना दाढी करणं, लघवीला जाण्याची शिस्त शिकवायला पुरुष शिक्षक लागतात.

या मुलांची मला फार दया येते. मला जमेल का?

दयेने सुरुवात झाली तर हरकत नाही. पण दया मुलाच्या शर्टाचं बटण लावून मोकळी होते, आणि तुमचं काम सात मिनिटं थांबण्याचं आहे.

प्रवेश घेण्याआधी काय करू?

जवळच्या विशेष शाळेत मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन एक आठवडा बसा. ओढणी, लोंबती कानातली नकोत. फोटो काढू नका. एकच मूल निवडा आणि वहीत फक्त दिसलेलं लिहा, विशेषणं नकोत. 'हट्टी आहे' असं लिहू नका. 'पाच वेळा हाक मारली, मान वळवली नाही, पंखा बंद झाला तेव्हा लगेच वर पाहिलं' असं लिहा. शनिवारी सगळी पानं ओळीने मांडून वाचा. सोमवारी न दिसलेलं काहीतरी शुक्रवारच्या पानावर तुम्ही टिपलेलं असेल, तर अर्ज भरा.